तांदूळ निवडताना

जुलै २०२०. शाळेत मुलं नव्हती, पण तांदूळ आला होता. टाळेबंदीत शालेय पोषण आहार शिजवायचा नाही, कोरडा शिधा मुलांच्या घरी पोचवायचा, असा आदेश होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाचे १०० ग्रॅम, सहावी-सातवीच्या मुलाला १५० ग्रॅम; शाळेचे जेवढे दिवस तेवढ्यांनी गुणायचं आणि तोलून पिशवीत भरायचं. आमगाव तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात मी आणि आमचे एक सर वजनकाटा मांडून बसलो होतो. ते तोलत होते, मी यादीवर खूण करून पिशवीचं तोंड बांधत होते. बाहेर रोवण्याचे दिवस होते. समोरच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या राहून बाया परे लावत होत्या.

"मॅडम, तुम्ही कच्चे तांदूळ खाता काय?" सरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि ते म्हणता म्हणताच माझ्या दाढेखाली एक दाणा कडकन फुटला.

मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखरच माहीत नव्हतं. मास्क हनुवटीखाली ओढलेला होता, डाव्या मुठीत तांदूळ होते, आणि ते मुठीत कधी आले हे मला सांगता येत नव्हतं. सर काही बोलले नाहीत. मी मूठ पोत्यात रिकामी केली, हात पदराला पुसला आणि पुढचं नाव वाचलं. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत एकच विचार मनात घोळत राहिला. पोट कापून घेतलं, कर्ज काढलं, आणि तरीही माझा हात माझा नाही.

त्याच्या दीड वर्ष आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, नागपूरला माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मी ४३ वर्षांची होते. उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. मधुमेहाला आठ वर्षं झालेली, इन्सुलिन सुरू. गुडघे असे की वर्गात खडू खाली पडला तर तो मुलांनी उचलून द्यायचा. पहिलीच्या मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसणं मी केव्हाच सोडलं होतं. हे ऑपरेशन आमच्याकडे अगदी अनोळखी नव्हतं. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतलं, तेव्हा विदर्भात घरोघरी त्याची चर्चा झाली होती. पण आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे, असंच आम्ही धरून चाललो होतो. शेवटी माझ्या साखरेचे आकडे बघून ह्यांनीच विषय काढला. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज घेतलं आणि आम्ही नागपूरला गेलो.

ऑपरेशन गॅस्ट्रिक बायपासचं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी, साधारण ३० मिलिलिटर मावेल अशी पिशवी वेगळी करायची, आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडायचा. खाल्लेलं अन्न मग उरलेल्या जठरातून जात नाही आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातूनही जात नाही. "हा सुरुवातीचा भाग आपण वगळतोय, म्हणून गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील," ते म्हणाले होते. मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे समजलं, असं मला वाटलं.

पहिलं वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही, पण ते सरळ गेलं. आधी दोन आठवडे फक्त पातळ: डाळीचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दोनेक महिन्यांनी घरचं जेवण. घास २५-३० वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी डाळ, अंडं, मासे, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात.

हे शेवटचं वाक्य गोंदिया जिल्ह्यात किती अवघड आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे जेवण म्हणजेच भात. पोळी ही वरची गोष्ट. अंगणात धानाची ढोली, घरात तांदळाची कोठी, आणि माणूस जेवला की नाही ते त्याच्या ताटातल्या भाताच्या ढिगावरून ठरतं. मी सुनेच्या नात्याने घरात आले तेव्हापासून सासूबाईंनी मला भात वाढला आहे. आता मी दोन घासांवर थांबले की त्या चमचा हातात घेऊन उभ्या राहायच्या. "घे ना वं बाई, एवढासाच तं आहे." त्यांच्या हातात माया होती. मला ती नाकारावी लागत होती, आणि पहिल्या महिन्यांत पोटावरच्या टाक्यांपेक्षा हेच जास्त दुखायचं.

पण भूकच लागत नव्हती. ऑपरेशनने पोटाचा आकार बदलतो तसे भुकेचे निरोप पोचवणारे स्रावही बदलतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ मला रोज कळत होता. घड्याळ बघून जेवायचं, तेही आठवणीने. एकदाच घसरले. मे २०१९ मध्ये एका नातेवाइकाच्या लग्नात दोन गुलाबजाम खाल्ले. वीस मिनिटांत दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा आला. मांडवामागच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले आणि एका वहिनीने ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. पचन न होता साखर थेट आतड्यात उतरली की आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, त्याचा हा त्रास. त्यानंतर गोडाची भीती बसली आणि मला वाटलं, खाण्याशी माझं भांडण मिटलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये वजन ७४ झालं. इन्सुलिन सुटलं होतं. पहिलीच्या मुलांशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले, त्या दिवशी एका मुलीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. बरोबर एका महिन्याने शाळा बंद झाल्या.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वजनकाट्यावर. जून संपताना ७७, ऑगस्टमध्ये ७९. मी जेवत तर तेवढंच होते. वाटी तीच, चमचा तोच. मग हे पाच किलो आले कुठून? नागपूरच्या आहारतज्ज्ञ ताईंना फोन केला. त्यांनी जेवणाबद्दल काही विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "जेवण सोडून काय खाता ते सांगा." मी म्हणाले, "काहीच नाही." व्हरांड्यात सरांना दिलेलंच उत्तर.

त्यांनी वही करायला सांगितली. मी मास्तरीण आहे, मला वही म्हटलं की हजेरीपटच सुचतो. मी रकाने आखले: तारीख, वेळ, काय, किती, कुठे. आणि शेवटचा रकाना माझ्या मनाने घातला: हजर की गैरहजर. म्हणजे तो घास खाताना मी तिथे होते का? मला तो खावासा वाटला, मी घेतला, चव कळली, तर हजर. खाऊन झाल्यावर कळलं, तर गैरहजर.

पहिल्या आठवड्यात जेवणं सोडून ४१ नोंदी झाल्या. त्यांतल्या २९ गैरहजर. ते पान मी आजही जपून ठेवलं आहे.

चहा गाळताना मुर्ऱ्याच्या चिवड्याची चिमूट. ऑनलाइन माहिती भरताना बिस्किटं. नातवंडांसाठी सासूबाई भजे तळत असताना झाऱ्यावरचा चुरा. मुलाच्या ताटातला उरलेला घास, कारण टाकवत नाही. गोडाचा त्रास होतो म्हणून गोड सुटलं होतं, पण मुर्रा, बिस्किट, चिवडा यांचा त्रास होत नाही. ते चावून मऊ होतं, लहान पिशवीतून सहज खाली उतरतं, आणि पोट भरल्याचा निरोप येतच नाही. पिशवी लहान झाली होती, पण दिवस तेवढाच लांब होता. लहान पिशवी दिवसभर भरत राहिलं की तीही मोठ्या पोटाएवढं घेते.

मागे वळून बघितलं तर ही सवय शाळेतच मुरली होती. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून बघायचा असतो, चव रजिस्टरवर सही करायची असते. नियम चांगला आहे. २०१३ साली बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. त्यानंतर चाखल्याशिवाय वाढलेलं माझ्याच्याने बघवत नाही. पण चमचाभर चव घ्यायची, तिथे मी वाटीभर घ्यायची. मुलांची पंगत उठली की पातेल्याच्या तळाची खिचडी स्वयंपाकीण बाई आणि मी उभ्या उभ्या संपवायचो. वर्षानुवर्षं. ते मी खाण्यात कधी धरलंच नव्हतं. मी त्याला काम समजत होते.

वहीने दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, गैरहजेरीच्या जागा ठरलेल्या असतात. दुपारी चार, ओटा, उभं राहून. रात्री साडेनऊ, टीव्हीसमोर, डबा मांडीवर. हात बिचारा त्या जागेवर गेला की आपलं काम करतो. म्हणून मी मनाला समजावण्याऐवजी जागा बदलल्या. चिवड्याचा डबा वरच्या फळीवर, स्टीलच्या घट्ट झाकणाचा. चार वाजता ओट्यापाशी जायचंच नाही, चहा अंगणात. जे खायचं ते ताटलीत घेऊन, खाली बसून. बसायला लागलं की निम्म्या वेळा खायचंच राहून जायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऑपरेशननंतर घटाघटा पाणी पिता येत नाही, घोट घोट प्यावं लागतं. कामाच्या गडबडीत ते राहतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात. तोंड कोरडं पडलं की मला काहीतरी खावंसं वाटायचं. ती तहान होती. पाण्याची बाटली कंबरेला असावी तशी जवळ ठेवायला लागले, आणि अकरा वाजताची एक नोंद वहीतून आपोआप नाहीशी झाली.

ऑक्टोबरपर्यंत गैरहजर नोंदी आठवड्याला सात-आठवर आल्या. पण एक नोंद वाढतच होती. कच्चे तांदूळ.

आमच्याकडे तांदूळ निवडता निवडता दोन दाणे तोंडात टाकणं कुणाला वावगं वाटत नाही. धान विकत घेणारा व्यापारीही दाणा दाताखाली चावूनच ओल बघतो. त्यामुळे सुरुवातीला मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पण हे दोन दाण्यांचं राहिलं नाही. मूठभर झालं, मग दोन मुठी. शिजलेल्या भाताची मला अजिबात इच्छा नव्हती; हवा होता तो कच्चा, कोरडा, दाढेखाली फुटणारा. पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. रात्री दोनला जाग यायची आणि मी कोठीपाशी जाऊन अंधारात उभी राहायचे. पर्समध्ये छोट्या पुडीत तांदूळ ठेवायला लागले. आणि वहीतल्या या नोंदींपुढे मला गैरहजर लिहिता येत नव्हतं. मी तिथे असायचे, पूर्ण जागी, आणि तरीही थांबता येत नव्हतं.

मी सगळं करून पाहिलं. कोठीला कुलूप लावून किल्ली ह्यांच्याकडे दिली. देवापुढे शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. ह्यांना खर्र्याची तलफ येते तेव्हा मी त्यांना काय काय बोलले होते, ते सगळं मला आठवायला लागलं. जिन्याच्या सहा पायऱ्या चढले तरी धाप लागायची. मला वाटायचं, वजन वाढलं म्हणून. केस गळत होते. मला वाटायचं, काळजीने. आणि या सगळ्याला मी एकच नाव दिलं होतं: हावरट. डॉक्टरांनी पोट लहान केलं, हाव तेवढीच राहिली, दोष माझाच, असं मी स्वतःला रोज सांगत होते.

एके दुपारी सासूबाईंनी मला कोठीपाशी पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं बघत म्हणाल्या, "डोहाळे लागल्यावानी काऊन करतेस वं? माझ्या दुसऱ्या खेपेला मीबी भितीची माती खायचो. लपवून लपवून."

डोहाळे. तो शब्द ऐकून मी थांबले. डोहाळ्यांना कुणी हाव म्हणत नाही. डोहाळे लागलेल्या बाईला घर विचारतं, तुला काय कमी पडतंय?

त्या संध्याकाळी ताईंना फोन करून मी कच्च्या तांदळाचं सगळं सांगितलं, अगदी पुडीसकट. त्या हसतील असं वाटलं होतं. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग एकामागून एक प्रश्न. थकवा येतो का? धाप? पाळी किती दिवस जाते? लोहाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?

एप्रिलपासून. टाळेबंदीत गोंदियाला जाणं झालं नाही, गावातल्या दुकानात त्या मिळाल्या नाहीत, पोटही घट्ट व्हायचं, म्हणून सुटल्या त्या सुटल्याच. त्याआधी घेत होते तेव्हाही सकाळी कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकदमच, चहाबरोबर, म्हणजे विसरायला नको. ताईंनी शांतपणे समजावलं. लोह अंगात शोषलं जातं ते मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि तोच भाग ऑपरेशनमध्ये वगळलेला. त्यात कॅल्शियम लोहाला अडवतं, चहाही अडवतो, म्हणून दोन्ही गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं. पाळी सुरू असलेल्या बाईचं रक्त दर महिन्याला जातंच. आणि अंगातलं लोह फार कमी झालं की काही माणसांना माती, खडू, बर्फ, कच्चा तांदूळ असं खावंसं वाटतं. हा आजार ओळखीचा आहे, त्याला नाव आहे, उपाय आहे.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.९. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन जवळपास संपलेलं. आमच्या भागात सिकलसेल जास्त असल्याने तीही तपासणी करून घेतली. सिकलसेल निघाला नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूरला दोन वेळा सलाईनमधून लोह दिलं. खिडकीतून बाहेर बघत मी पडून होते. काळपट तपकिरी रंगाचं ते औषध थेंब थेंब नळीतून येत होतं. माझ्या अपराधाचं वजन इतकं कमी निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. नवा एचएमटी तांदूळ घरात आला. एका सकाळी मी अंगणात सूप घेऊन बसले, पाखडले, खडे वेचले, दोन पायल्या तांदूळ निवडून डब्यात भरले आणि उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आल्यावर लक्षात आलं की एकही दाणा तोंडात गेला नव्हता. इतकंच नाही, त्याची आठवणही झाली नव्हती. वहीत मी तारीख घातली आणि पहिल्यांदाच समाधानाने लिहिलं: गैरहजर.

तेव्हापासून मी एक नेम ठेवला आहे. खावंसं वाटलं की त्याला लगेच हाव म्हणायचं नाही. सुपात घ्यायचं आणि निवडायचं. ही तहान आहे का? ही चार वाजताची सवय आहे का? अंगात काही कमी आहे का? की पोटाची खरी भूक आहे? खरी भूक हळूहळू येते आणि डाळभातावरही भागते. बाकीच्यांना एकच ठरावीक गोष्ट हवी असते, आणि आत्ता हवी असते. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. तहानेला ताटली देऊन भागत नाही, आणि लोहाच्या कमतरतेला निर्धार पुरत नाही. सहा महिने मी निर्धाराने एका रक्ताच्या आजाराशी लढत होते, हे आठवलं की मला अजूनही त्या बाईची कीव येते.

एक भूक मात्र निवडूनही हाती लागत नाही. मे २०२१ मध्ये माझी आई गेली. तेराव्यानंतर मी घरी परतले तेव्हा तिने दिवाळीत माझ्या मुलांसाठी दिलेला अनारशांचा रिकामा डबा फळीवर तसाच होता. त्या महिन्यात मी रात्री ओट्यापाशी उभी राहून जे मिळेल ते खाल्लं. पाणी प्यायले होते, गोळ्या वेळेवर होत्या, रक्त तपासलं तर ठीक होतं. ही भूक कुठून येत होती ते मला नीट माहीत होतं, आणि माहीत असूनही ती जात नव्हती. तेव्हा ताई म्हणाल्या, "खाऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त उभं राहून, अंधारात, एकटीने खाऊ नका. दिवा लावा, ताटली घ्या, बसा. आणि कुणालातरी उठवा."

मी सासूबाईंना उठवायला लागले. त्या डोळे चोळत यायच्या, समोर बसायच्या. मी दोन बिस्किटं ताटलीत घ्यायचे आणि आईचं काहीतरी बोलायचे. कधी दोन्ही बिस्किटं संपायची, कधी एक तशीच राहायची. ज्या बाईचा वाढलेला भात मी नाकारला होता, तीच रात्री दीड वाजता माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि त्या दिवसांत तिने मला एकदाही "घे ना वं" म्हटलं नाही. ती नुसती हजर होती. महिन्या-दीड महिन्यात रात्रीचं उठणं थांबलं.

घराबाहेरचं सांभाळणं हा रोजचा अभ्यास आहे. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, तेही पहाटेपर्यंत. प्रत्येक घरी पाहुणे आणि प्रत्येक घरी ताट. २०२२ च्या मंडईला मी माहेरच्या गावी गेले, तेव्हा आधीच ठरवलं होतं. वहिनीला पोचल्या पोचल्या सांगितलं, "तुझ्या हातची मासोळी मी खाणार, पोटभर खाणार, पण माझं पोट वाटीएवढं आहे ते तू लक्षात ठेव." आधी काय खाणार ते सांगितलं की काय नाही ते लोक ऐकून घेतात. नाटकाला बसताना भाजलेल्या शेंगा घेतल्या, सोललेले दाणे नाही. शेंग फोडावी लागते, हाताला थांबावं लागतं, आणि टरफलं मांडीवर राहतात. दुसरा अंक संपला तेव्हा ओंजळभर टरफलं माझ्यासमोर होती. किती खाल्लं ते मला कुणी विचारायची गरज नव्हती.

आज माझं वजन ७७ आहे. ७४ वर मी परत गेले नाही, आणि त्याचा ध्यासही सोडला आहे. साखर गोळीवर ताब्यात आहे. लोहाची गोळी रात्री, लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम सकाळी. सहा महिन्यांनी रक्त तपासणी, कॅलेंडरवर लाल पेनाने. वही अजून आहे. काही आठवडे कोरे जातात, काही आठवड्यांत पान भरतं.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती लिहिल्याशिवाय हे संपत नाही. २००९ साली, माझ्या आधीच्या शाळेत, तिसरीतली एक मुलगी खडू खायची. फळ्याच्या कडेचे तुकडे वेचून तोंडात टाकायची. मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. हातावर छडी मारली. "घाणेरडी सवय" हे माझे शब्द. मुलं हसली. ती मुलगी रडली नाही, खाली बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडू खाताना सापडली. तेव्हा मी तिच्या आईला बोलावून ही मुलगी ऐकत नाही असं सांगितलं. त्या मुलीच्या पापण्यांच्या आतली बाजू किती पांढरी होती ते मी बघितलं नाही. बघायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या शाळेत दुसरीतली एक मुलगी पाटीची पेन्सिल कुरतडताना दिसली. दर आठवड्याला शाळेत लोहाची गुलाबी गोळी मिळते. ती हिने बरेच आठवडे बाकाखाली टाकून दिलेली निघाली, कारण ती खाल्ली की मळमळतं. मी तिला उभं केलं नाही. मधल्या सुट्टीत जवळ घेतलं आणि विचारलं, "माती पण आवडते का गं?" ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "मला पण कच्चे तांदूळ लागायचे. रात्री उठून खायची मी." तेव्हा तिने मान हलवली.

तिच्या आईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. रक्त तपासलं, जंताची गोळी दिली, लोहाचं औषध सुरू झालं. शाळेतली गोळी ती आता जेवण झाल्यावर माझ्यासमोर घेते, आणि मी माझ्या पर्समधली गोळी दाखवून सांगते की मीही घेते. पावसाळा संपत आला तेव्हा एक दिवस मी तिच्या पाटीशेजारी बसून शुद्धलेखन तपासत होते. तिची पेटी उघडी होती. महिन्याभरापूर्वी दिलेली पेन्सिल आत होती. लिहून लिहून झिजलेली होती, पण तिच्या टोकावर दाताची एकही खूण नव्हती.